काका आणि त्यांची वीस मिनिटं

भोकरदनला एक जुने ऑपरेटर राहतात, सिनेमाचं मशीन अजून पुसतात, तेल घालतात, असं कानावर आलं म्हणून गेलो. त्या मशीनवर शेवटचा खेळ होऊन कैक वर्षं झालीत. मग तेल कशासाठी, हे मला बघायचं होतं.

काकांनी आधी रिळाचा एक डबा उघडला. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, थेट व्हिनेगरचा. ॲसिटेटची फिल्म उष्णतेनं आणि दमटपणानं खराब व्हायला लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. आधी वास येतो, मग फिल्म आक्रसते, शेवटी ठिसूळ होऊन तुकडे पडतात. शेजारच्या रिळांनाही ते लागतं. काकांना रसायनशास्त्र ठाऊक नाही, पण हा डबा त्यांनी बाकीच्यांपासून लांब ठेवलाय. "लागण व्हते ना," म्हणाले. तो वास घरी परतल्यावरही माझ्या नाकातून जाईना.

फिल्म मशीनमध्ये कशी ओवायची, ते त्यांनी भराभर दाखवलं. रमले ते मशीनच्या कार्बनच्या दिव्यापाशी. कार्बनच्या दोन कांड्यांची टोकं भिडवून जरा दूर केली की मध्ये पांढराशुभ्र जाळ उभा राहतो, त्याच्यामागे आरसा. कांड्या जळतात तसं अंतर वाढतं. ते हातानं सांभाळायचं, नाहीतर पडद्यावर अंधारून येतं. "एक रीळ वीस मिनिटं. वीस मिनिटं नजर हलवायची नाही." जवळपास दोन हजार फुटांचं रीळ, सेकंदाला चोवीस चौकटी. थेटरात दोन मशीनं असत. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं सुरू करायचं, पुन्हा चमकला की उजेड तिकडे न्यायचा. जत्रेतल्या तंबूत एकच मशीन, म्हणून रीळ संपलं की दिवे लागत आणि शेंगदाणेवाले आत शिरत. जेवण, लघवी, सगळं त्या वीस मिनिटांच्या हिशेबात. पोस्टरवर नायकाचं नाव असे, थेटराचं असे. ऑपरेटरचं कधीच नाही. मला हा अन्याय वाटतो.

कार्बन गेला, डिजिटल आलं, आणि तालुक्याच्या गावांतली एकपडदा थेटरं एकामागून एक बंद पडली.

भोकरदनला जुन्याचं मोल माहीत नाही असं नाही. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत भोगवर्धन, म्हणजे हेच भोकरदन, येतं; १९७३च्या उत्खननात सातवाहनकाळचं गाव इथं उजेडात आलं, हे इथले लोक अभिमानानं सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची आपण एवढी आठवण ठेवतो, मग पन्नास वर्षांपूर्वीच्या थेटरांची का नाही? दुसरीकडे ती ठेवलेली आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचं ऑर्फियम थिएटर १९१६चं. १९८२ला बंद पडलं, दुरुस्त होऊन १९८८ला पुन्हा उघडलं. तेही छोटंच गाव.

आपल्याकडे प्रत्येक थेटर वाचणार नाही, हे मला कळतं. पण मशीनरूमचे फोटो काढता येतात. ऑपरेटरचं बोलणं मोबाईलवर टिपून ठेवता येतं. तुमच्या गावात कुणाच्या माळ्यावर रिळांचे डबे असतील तर भंगारात घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा. आणि आंबट वास यायला लागला असेल तर आजच कळवा.