उघड्या पिशवीची मिनिटं

सकाळी ६.५०

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आमची पहिली पाळी सातची. जुलै महिना, त्र्यंबक रोडवर कालपासून झड लागलेली. रेनकोट गेटवर टांगायचा, हात-पाय कोरडे करायचे आणि चहाच्या आधी गोदामाचा रात्रीचा आलेख बघायचा. मी एका औषध कारखान्यात कच्च्या मालाचं गोदाम सांभाळतो. गोळ्या पलीकडे मशीनवर बनतात. आमच्या ताब्यात ड्रम, लेबलं आणि किल्ल्या. आज बहुतेक दिवस एकाच मालात जाणार आहे: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, हार्ट फेल्युअरचं औषध.

गोदामाची मर्यादा ठरलेली आहे: तापमान २५ अंशांच्या आत, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. पहाटे लाइट गेली होती, जनरेटर सुरू होऊन एसी पूर्ववत होईपर्यंत आर्द्रता ५७ पर्यंत चढली. मर्यादेत आहे, तरी नोंद केली. हा आकडा दाराजवळच्या सगळ्यात वरच्या रॅकवरचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत गोदामभर सेन्सर लावून मोजणी केली, तेव्हा हाच कोपरा सगळ्यात वाईट निघाला. कायमचा सेन्सर म्हणून तिथेच बसवला. तो कोपरा ठीक असेल तर बाकीचं गोदाम ठीक.

सकाळी ७.३०

वजनकाटे. आधी काट्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्यभागी आहे का ते बघायचं, मग प्रमाणित वजनं ठेवून आकडे उतरवायचे. वजनांना उघडा हात लावत नाही, कारण बोटांचा घाम आणि तेलही काट्याला कळतं. मात्र पावडरीत शिरलेलं पाणी काट्याला वेगळं दाखवता येत नाही. आजच्या मालाची सगळी गोम तिथेच आहे.

सकाळी ८.२०

गाडी लागली. एसीची गाडी, म्हणजे ड्रम गार आणि बाहेरची हवा दमट. गार ड्रम लगेच उघडला तर आतल्या पिशवीवर दव धरतं. म्हणून कितीही घाई असली तरी ड्रम आधी गोदामाच्या तापमानाला येऊ द्यायचे.

तोवर कागद. मालाचं नाव आणि बॅच नंबर बघून भागत नाही, माल नेमका कुठल्या पत्त्यावरच्या कारखान्यात बनला तेही मंजूर यादीशी जुळावं लागतं. जुलै २०१८ मध्ये व्हल्सार्टनने ही गोष्ट सगळ्या जगाला शिकवली. चीनमधल्या एका मोठ्या उत्पादकाने बनवण्याची पद्धत बदलली होती. डीएमएफ नावाचं द्रावक आणि सोडियम नायट्राइट यांच्या संगतीत एनडीएमए हे नायट्रोसामीन तयार झालं, ज्यामुळे कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. नेहमीच्या तपासण्यांमध्ये ते सापडलं नव्हतं, कारण त्या तपासण्या ते शोधतच नव्हत्या. देशोदेशी गोळ्या परत मागवल्या गेल्या. तेव्हापासून नायट्रोसामीन तपासल्याचा कागद सोबत नसेल तर व्हल्सार्टनचा ड्रम मी उतरवून घेत नाही.

आज कागद सगळे आहेत, पण एका ड्रमच्या सीलचा नंबर यादीत नाही.

“साहेब, सील तर शाबूत आहे ना!” ड्रायव्हर म्हणाला.

“शाबूत आहे दादा, पण यादीतलं नाही. कुणी मध्येच उघडून नवं लावलं असेल तर?”

“आमच्या गाडीत कुणी हात नाही लावला.”

“तुमच्यावर नाही म्हणत. पाठवणाऱ्याकडूनच लिहिताना चुकलं असेल. पण तसं त्यांनी लिहून द्यायला हवं.”

तो ड्रम वेगळ्या पॅलेटवर ठेवला, क्यूएला, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाला, फोन केला. बाकीच्यांना ‘अंडर टेस्ट’चं पिवळं लेबल लावून क्वारंटाइनमध्ये नेलं. तपासणीत पास झाले की हिरवं, नापास झाले की लाल आणि थेट कुलपात.

सकाळी ९.४५

कालपासून गोदामात असलेल्या बॅचचे नमुने घ्यायला क्यूसीच्या, म्हणजे तपासणी प्रयोगशाळेच्या, मॅडम आल्या. ड्रम उघडला की आत ॲल्युमिनियमची जाड पिशवी, तिच्या आत काळी पॉलिथिनची, त्या दोहोंच्या मध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि सगळ्यात आत पारदर्शक पिशवीत पांढरी पावडर.

एवढं गुंडाळायचं कारण या पावडरीच्या घडणीत आहे. सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टन इथे नुसते एकमेकांत मिसळलेले नाहीत. सोडियम आणि पाण्याला धरून दोघांचा एकच स्फटिक झालेला आहे. त्याच्या वजनात सुमारे ४.७ टक्के पाणी मुळातलंच आहे. ते काढून टाकलं तर स्फटिक बिघडतो, म्हणून ‘दमट झालं, वाळवून घेऊ’ म्हणता येत नाही. बाहेरचं पाणी आत शिरलं तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तसं गोळा होऊन बसतं. आणि गोळा होण्याआधीच, डोळ्यांना काही दिसत नसताना, वजनात पाणी वाढतं आणि औषध कमी भरतं. एक किलो मोजलं तर काटा एक किलोच दाखवणार, पण गोळीत औषध कमी उतरणार.

म्हणून आमच्याकडे या मालाच्या प्रत्येक ड्रमला एक कार्ड असतं, ओपन टाइमचं. पिशवी उघडल्यापासून पुन्हा सील होईपर्यंतची मिनिटं त्यावर चढतात आणि ती कधी पुसली जात नाहीत. आमची मर्यादा सगळी मिळून ३० मिनिटं, तीही आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवलेल्या बूथमध्येच. मॅडमनी हातातलं काम बघत विचारलं, “किती झाली?” मी घड्याळाकडे बघून सांगितलं, “सहा.” सातव्या मिनिटाला नवी सिलिका जेल टाकून पिशवी उष्णतेने सील झाली. आता वजनासाठी २३ उरली.

या मॅडम या कामावर नव्या आहेत. आधीच्या मॅडमनी दिवस गेल्याचं सांगितलं, त्याच दिवशी त्यांना कागदपत्रांच्या कामावर घेतलं. या औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आहे: गर्भाला इजा होऊ शकते. पेशंटला डॉक्टर विचारून औषध देतात, आम्हाला मात्र धूळ न विचारता मिळू शकते. म्हणून मूल हवं असलेल्या बाईने आधीच सांगावं, आणि सांगितलेलं बाहेर जाऊ नये, अशी सोय ठेवलेली आहे.

सकाळी ११.००

वजन. आधीच तपासून पास झालेली दुसरी बॅच उत्पादनाला द्यायची आहे. बाहेरच कपडे बदलले. पूर्ण अंगाचा सूट, दोन थरांचे नायट्राइल हातमोजे, चष्मा, रेस्पिरेटर. बूथमधली हवा वरून खाली वाहते आणि काम करणाऱ्याच्या चेहऱ्यापासून धूळ लांब, खाली ओढते. भिंतीवरच्या मीटरची सुई ठरलेल्या पट्ट्यात आहे का, आधीच्या मालाचा कण किंवा लेबल राहिलंय का, हे क्यूएचा माणूस बघून सही करतो. त्यानंतरच ड्रम आत.

आमचा जुना हेल्पर स्कूप चालवताना बघण्यासारखा असतो. पावडर वरून ओतत नाही. स्कूप पिशवीच्या तळाशी टेकवतो, मनगट हळू वळवतो, त्यामुळे धूळ उठत नाही. कोपर अशा बेताने धरतो की वाहत्या हवेला अडथळा होऊ नये. शेवटचे काही ग्रॅम तो स्कूपच्या कडेवर बोटाने टिचकी मारत सोडतो. ही धूळ श्वासातून गेली तर रक्तदाब खाली येऊ शकतो, हे त्याला पाठ आहे.

२५ किलोचा एक ड्रम म्हणजे किती? १०० मिलिग्रॅमच्या गोळीत या संयुगाचं वजन सुमारे ११३ मिलिग्रॅम असतं. म्हणजे एका ड्रममध्ये साधारण २ लाख २० हजार गोळ्यांचा माल. दिवसाला दोन गोळ्या धरल्या तर तीनशे माणसांचं वर्ष. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत आठ हजारांवर पेशंट होते. जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत या औषधाने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारा मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होण्याची वेळ, या दोन्हींचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी उतरवलं. भारतात जानेवारी २०२३ मध्ये देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, त्यात नाशिकला कारखाना असलेली ग्लेनमार्कही होती. तेव्हापासून हे औषध आणखी बऱ्याच लोकांच्या आवाक्यात आलं.

दुपारी १.१५

जेवण. सूट बूथच्या बाहेरच्या खोलीत उतरवला, वरचे हातमोजे आतून बाहेर उलटवून पिशवीत टाकले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. कामाचे कपडे कॅन्टीनमध्ये येत नाहीत आणि घरी तर नाहीच नाही.

दुपारी २.००

पिशवी बांधताना चिमूटभर पावडर बूथच्या लादीवर पडली. नव्या पोराने सवयीने झाडू शोधला. हेल्पर म्हणाला, “थांब रे, झाडशील तर सगळ्या खोलीत उडवशील.” ओलं, धागे न सुटणारं कापड आधी वरून अलगद टाकलं, बाहेरून आत असं पुसत आणलं, कापड पिशवीत, पिशवीला लेबल आणि ती घातक कचऱ्यात. सांडलेलं मालात परत जात नाही. वजनातली तेवढी तूट कारणासकट लिहिली.

दुपारी २.४५

दुसऱ्या पाळीला चार्ज दिला. सीलचा नंबर चुकलेला ड्रम: उत्तर आलेलं नाही, हात लावू नये. नमुन्याचा ड्रम: ७ मिनिटं वापरली. वजनाचा ड्रम: १४. दोन्ही कार्डांवर माझी सही आणि घेणाऱ्याची सही.

संध्याकाळी ६.१५

सिडकोतल्या मेडिकलमध्ये शेजारचे काका भेटले. वर्षभर हेच औषध चालू आहे. कौतुकाने सांगत होते, “सूनबाईंनी सात खणांची डबी आणलीय. रविवारी आठवड्याच्या गोळ्या काढून भरून ठेवते, विसरायला होत नाही.” डबी कुठे असते, तर गॅसच्या ओट्यावर. आम्ही कोरड्या बूथमध्ये मिनिटं मोजतो आणि शेवटची गोळी जुलैच्या हवेत, वाफेशेजारी सात दिवस उघडी.

काकांना म्हटलं, डबी चांगली आहे, राहू द्या. फक्त गोळी पाकिटातून सोडवू नका. कात्रीने गोळीभोवतालचा चौकोन कापा, फॉइल शाबूत ठेवा आणि तो तुकडाच खणात टाका. फॉइल फोडायचं ते गोळी घ्यायच्या वेळी. आणि डबी ओट्यावरून हलवून आतल्या कपाटात ठेवा. मेडिकलवाल्याने तिथल्या तिथे कात्री काढून एक पट्टी कापून दाखवली. काका म्हणाले, “हे तर सोपं आहे, उद्याच सांगतो तिला.” मी म्हटलं, “उद्या कशाला काका, आत्ताच फोन करा. डबीत अजून चार दिवसांच्या गोळ्या असतील.”