स्वेटरची बाही आणि जर्मन भाषा

बियाणं आणि लोखंडी सळई यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना जिल्ह्यात बारावी किंवा पदवी झालेल्या मुलांच्या घरी जर्मनीचा विषय निघाला, तर त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. उद्दिष्ट १० हजारांचं ठेवलं आणि त्यासाठी जर्मन शिकवण्याची योजनाही आखली. हा करार नोकरीचा आहे. तिकडे जाण्याची दुसरी एक वाट मात्र आपल्याकडे फारशी माहीत नाही, ती म्हणजे स्वयंसेवेचं वर्ष. तरुणांनी वर्षभर समाजकार्य करावं, यासाठी जर्मनीत १९६४ पासून कायदा आहे. १ जुलै २०११ ला सक्तीची लष्करभरती थांबली, तेव्हा लष्कराऐवजी रुग्णसेवा पत्करणाऱ्या तरुणांची व्यवस्थाही संपली. तिच्या जागी सर्व वयांसाठी संघराज्याची स्वयंसेवा योजना आली. या दोन्हींत परदेशी तरुण घेतले जातात आणि त्यांतले पुष्कळ जण दिव्यांगांच्या निवासात, कार्यशाळेत किंवा शाळेत काम करतात. राहणं-जेवण किंवा त्याचा काही भाग, थोडा हातखर्च आणि विमा मिळतो. पगार मिळत नाही. दिव्यांगांची सेवा करता करता भाषा येईल, असा हिशेब मुलं मांडतात. हिशेब चुकीचा नाही. पण त्यात शिकणारा कोण आणि शिकवणारा कोण, हे उलटं धरलं तर सेवाही फसते आणि भाषाही.

एक रोजचं काम घ्या. अर्धांगवायूने उजवा हात अधू झालेल्या माणसाला स्वेटर घालायचा आहे. नियम असा की घालताना आधी अधू हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला, मग अधू. हे उलटं केलं तर खांदा ओढला जातो आणि माणूस कळवळतो. या पाच मिनिटांत हात, बाही, डावा, उजवा, थांबा, हळू, दुखतंय का, एवढे शब्द लागतात. चुकीचा शब्द वापरला तर समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच कळतं. उद्या सकाळी तीच पाच मिनिटं, तेच शब्द, परवा पुन्हा. वर्गात रेल्वेच्या तिकिटाचा धडा एकदाच होतो. इथे एकच धडा वर्षात तीनशे वेळा होतो आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी त्याची खरी गरज असते. त्यात आणखी एक योग आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या चळवळीतून जर्मनीत ‘सोपी भाषा’ नावाची लेखनपद्धती रुजली. वाक्य लहान, एका वाक्यात एकच गोष्ट, अवघड शब्द आला तर त्याचा उलगडा, आणि मजकूर समजतो की नाही हे तपासणारे स्वतः ते लोक. सरकारी कार्यालयांनी अशा भाषेत माहिती द्यावी, असं तिथला कायदा सांगतो. दिव्यांगांनी स्वतःसाठी झगडून मिळवलेली ही भाषा परक्या देशातून आलेल्या मुलालाही उपयोगी पडते.

म्हणूनच पहिले काही महिने मदतीची गरज खरं तर जालन्याहून गेलेल्या विशीतल्या मुलाला असते. खिडकी कशी उघडायची, कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, रविवारी दुकानं बंद असतात हे त्याला माहीत नसतं. दिव्यांगांच्या निवासात वीस वर्षं राहिलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला माहीत असतं. तिला शिकवू द्यावं. तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलावं. जर्मनमध्येही आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा भेद आहे. आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या चाळिशीच्या माणसाला सगळी गल्ली सर्रास ‘अरे-तुरे’ करते, ती सवय बरोबर नेऊ नये. ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हे त्या माणसालाच विचारावं. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्येच ग्राफेनेक नावाचं ठिकाण आहे. तिथे १९४० साली नाझी राजवटीने १०,६५४ दिव्यांग आणि मनोरुग्णांना विषारी वायूने मारलं. आज तिथे स्मारक आहे आणि शेजारी दिव्यांगांचं निवासही आहे. ज्या भूमीवर ‘यांचा उपयोग काय’ या प्रश्नाचं असं उत्तर दिलं गेलं, तिथे दिव्यांग माणसाला केवळ आपल्या भाषेच्या सरावाची पाटी समजणं फार वाईट.

यावर रास्त आक्षेप आहे: ज्याला भाषाच येत नाही त्याच्या हाती असहाय माणूस का द्यावा? आनंदवनात १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण येऊन राहिले आणि कुष्ठरुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केलं. विटा उचलायला भाषा कमी लागली तरी चालतं. ‘कुठे दुखतं’ हे ऐकायला ती लागतेच. जालना निजामाच्या राज्यात होतं तेव्हा दप्तर उर्दूत चाले, पण दुखणं मराठीत सांगितलं जाई. इथे काम करायला आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनाही मराठी शिकावी लागली. त्यामुळे निदान रोजचं साधं बोलणं येईपर्यंत इथेच शिकावं, आणि तिथे गेल्यावरही पहिले काही आठवडे अनुभवी कर्मचाऱ्याबरोबरच काम करावं, हे मला अनिवार्य वाटतं. स्वयंसेवकाने कर्मचाऱ्याची जागा भरू नये, तो जास्तीचा हात असावा, हे जर्मन कायद्याचंही तत्त्व आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. वर्ष संपलं की मुलगा जातो, निवासातला माणूस तिथेच राहतो; त्याने किती वेळा जीव लावायचा? याचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नाही. जाण्याची तारीख पहिल्या दिवसापासून त्याला सांगावी, कॅलेंडरवर दाखवावी आणि नंतर पत्र पाठवण्याचा शब्द दिला तर पाळावा, एवढं तरी करता येतं.

तिसरा प्रश्न घरचाच: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले, मग त्यांना सोडून परदेशी कशाला? हा प्रश्न टाळू नये. परदेशी जाणारा मुलगा परत येताना चाकाची खुर्ची जाईल असं दार, चित्रांच्या साहाय्याने बोलण्याची पाटी, मोठ्या माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ देण्याची रीत असं काही घेऊन आला, तर त्या वर्षाचा जिल्ह्यालाही उपयोग आहे. तिथेच नोकरी धरायची असेल तर तसं उघड म्हणावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याला सेवा म्हणू नये. पालकांनी एक लक्षात ठेवावं: या योजनेत संस्था स्वयंसेवकाला हातखर्च देते. त्यामुळे मधला माणूस लाखाचा आकडा सांगू लागला, तर प्रत्येक रुपयाचा लेखी हिशेब मागा आणि संस्थेशी थेट पत्रव्यवहार करा. आणि अर्ज भरण्याआधी आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या विशेष शाळेत परवानगी घेऊन महिनाभर रोज दोन तास जा. तिथे मुलांशी मराठीत बोलतानाही शब्द कसे अडतात, ते बघा आणि मगच ठरवा.