सूर तेच, राग निराळा

आमच्या वाड्याच्या परसात वडिलांनी लावलेला एक गावठी गुलाब होता. राजवाड्यातले गाणे आटोपून घरी आले की ते आधी त्याला पाणी घालीत, मग चहा घेत. गेल्या श्रावणात त्याच्या पानांवर चकाकत्या हिरव्या माश्या बसू लागल्या. उकिरड्यावरच्याच या, अशी माझी खात्री! औषधाचा पंप आणून दोन दिवस फवारणी केली. माश्या गेल्या, पण पंधरवड्यात शेंड्यांवर माव्याचा थर चढला आणि दिवाळीपूर्वीच झाड वाळले.

माझ्याकडे गाणे शिकणारी एक मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती हळहळून म्हणाली, “गुरुजी, त्या लांब पायांच्या माश्या असणार. त्या मावा खातात. त्यांच्याबरोबर ढालकिडेही गेले असतील.” मग भिंग हाती देऊन तिने मला या मंडळींची ओळख करून दिली.

पहिली खूण पंखांची. माशीला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी दोन इवल्या गाठी असतात; त्या पंखांच्याच लयीत, पण उलट दिशेने हलून उडताना तोल सांभाळतात. लांब पायांची माशी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, सडपातळ. उन्हातल्या पानावर बसते आणि चटकन उडते. उकिरड्यावरची माशी सेंटिमीटरभर लांब, जाडसर, अंगावर राठ केस, डोळे तांबूस. तिलाही सरसकट दूषण देऊ नये. तिच्या एका जातीच्या निर्जंतुक अळ्या न भरणाऱ्या जखमेतले कुजलेले मांस खाऊन जखम स्वच्छ करतात. अमेरिकेत 2004 साली या उपचाराला सरकारी मान्यता मिळाली.

तिसरी निळी-हिरवी चकाकणारी पाहुणी तर माशीच नव्हे. तिला पंख चार. ती गांधीलमाशीची नातलग. रीत कोकिळेची: अंडी घालायची ती कुंभारणीने भिंतीवर बांधलेल्या मातीच्या घरट्यात. कोणी हल्ला केला तर अंगाची गोळी करून पडून राहते.

या सर्वांची झळाळी रंगद्रव्याची नव्हे. अंगावरच्या कवचाच्या अतिपातळ थरांवरून प्रकाश परततो, म्हणून पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो.

हे ऐकताना मला वडिलांची शिकवणी आठवली. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. पण भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. एक रात्रीचा, एक सकाळचा. “सूर ओळखलास, राग ओळखला नाहीस,” असे म्हणून ते मला पुन्हा पहिल्यापासून गायला लावीत. परसात मी तीच चूक केली, आणि ती त्यांच्याच झाडावर.

यंदा पंप अडगळीत आहे. केराच्या टोपलीला झाकण बसवले, तेव्हापासून जाड माश्या फिरकत नाहीत. गुलाबाच्या जागी नवी फांदी लावली आहे. काल तिच्या तिसऱ्या पानावर एक बारीक हिरवी ठिणगी बसलेली दिसली. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ती उडेपर्यंत थांबलो.