टाकीखालची चटई

हल्ली आपल्यातल्या तरुण मंडळींना माशांची टाकी हवी असते ती रिमलेस, म्हणजे वर-खाली प्लॅस्टिकची चौकट नसलेली. बडोद्याच्या आमच्या घरी भाचीने अशीच टाकी ठरवली. मासे, झाडं, दिवे यांवर महिनाभर चर्चा झाली, पण टाकीखाली काय घालायचं हे कुणीच विचारलं नव्हतं. खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात, त्यामुळे मी आधी हिशेब मांडला.

टाकी ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच. ४० सेंमीपर्यंत भरली तरी पाणी १६२ लिटर, म्हणजे १६२ किलो. १० मिमी जाडीच्या काचेचे साधारण ४० किलो. वाळू-दगड धरले की सव्वादोनशे किलोच्या आसपास. चौकट नसल्यामुळे हे सगळं वजन तळाची काच थेट स्टँडवर टेकवते. काच दाब छान सोसते, ताण मात्र सोसत नाही. तळाखाली वाळूचा एक टणक कण किंवा प्लायवर वर आलेलं खिळ्याचं डोकं राहिलं, की त्या एका बिंदूवर जोर येतो आणि तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. मऊ चटई असे बारीक उंचवटे पोटात घेते आणि वजन सगळीकडे पसरवते.

आई म्हणाली, "मग जुनी गोधडी घाल की!" पण गोधडीची जाडी सगळीकडे सारखी नसते, शिवाय ती पाणी पिते आणि खालचं लाकूड फुगवते. पुठ्ठ्याचंही तेच. गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोलही नको, कारण त्याचे तुकडे जोडलेले आणि कापलेले असतात. नवा, अखंड, सपाट थर्माकोल मात्र चालतो. तो उंचवट्यापाशी दबतो आणि तसाच राहतो, म्हणून टाकी हलवली की नवा घ्यायचा. गादीचा स्पंज फार मऊ, तो कुठे कमी कुठे जास्त दबतो.

आम्ही निवडली ५-६ मिमी जाडीची, पाणी न शोषणारी ईव्हीए फोमची चटई. या मापाला योगासनांची साधी चटईही पुरते. ती साधारण ६० सेंमी रुंद असते, त्यामुळे जोड न देता एकच तुकडा निघतो. जोड द्यायचाच नाही. चटई टाकीच्या मापाने कापायची, कारण बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पाणी आणि धूळ साचते. वरून नक्षी किंवा खोल खाचा असलेली नको. टाकीबरोबर चटई आली असेल तर तीच वापरा, वर दुसरी घालू नका.

चौकटीच्या टाकीला हा नियम लावू नका. तिची तळकाच सहसा चौकटीवर अधांतरी असते आणि वजन कडांवर जातं. खाली फोम घातला तर तो तळाला उलटा वर दाबतो.

चटई काय करत नाही, तेही सांगतो. वाकडं स्टँड ती सरळ करत नाही आणि कमजोर स्टँडला बळ देत नाही. आधी रिकाम्या स्टँडवर पाणसळ लांबीत, रुंदीत आणि तिरपी ठेवून पाहा. सरळ पट्टी टेकवून खालून उजेड दिसतो का, तेही पाहा. फळीलाच बाक असेल तर ती बदलून घ्या. फक्त कल असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टाकीच्या कोपऱ्याखाली कधीच नाही. मग पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, तळहात फिरवून कण चाचपा आणि चटई पसरा.

टाकी ठेवल्यावर आधी चार बोटं पाणी भरून चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची मोजा. फरक दिसला तर पाणी काढून स्टँड पुन्हा सरळ करा. एवढ्या पाण्यात ते काम दहा मिनिटांचं आहे. टाकी पूर्ण भरून मासे सोडल्यावर चटई बदलायची, तर अख्खी टाकी उपसावी लागते आणि त्या धावपळीत हाल होतात ते माशांचे.