वळणावरचा पिवळा झेंडा

अलिबाग–मुरूड रस्त्यावर सायकल शर्यत घ्यायची तर पहिली परवानगी पोलिसांची लागते, दुसरी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्याची. तिसरी कुठल्याच अर्जात लिहिलेली नसते. ती मासळीच्या टेम्पोवाल्याची.

बंदरावरून निघालेल्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत असतं. त्यात माशांचं तेल, खवले, चिखल सगळं मिसळलेलं असतं. मोटारीच्या रुंद चाकाला त्याचं काही वाटत नाही. शर्यतीच्या सायकलचा टायर मात्र जेमतेम पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचा, त्यात हवा ठासून भरलेली. अशा ओल्या पट्ट्यावर सायकल वळणात आडवी केली की पुढचं चाक निसटतं, आणि मागून येणारे पंधरा जण एकमेकांवर कोसळतात. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर मार्शल म्हणून उभं राहायला लागल्यापासून मी रस्त्याआधी पंचांग बघतो.

त्याचं कारण असं. होड्या खाडीत शिरतात त्या भरतीच्या पाण्यावर, आणि भरती घड्याळाने येत नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला तीच सव्वाअकराच्या आसपास. आयोजक शहरातून येतात, एका रविवारी रेकी करतात, रस्ता मोकळा दिसतो, वहीत बरोबरची खूण होते. शर्यत मात्र पुढच्या रविवारी असते. आठवड्यात तिथी सरकते, होड्या पहाटे लागतात आणि नेमक्या शर्यतीच्या वेळी टेम्पो रस्त्यावर येतात.

एका शर्यतीला हे आदल्या संध्याकाळी लक्षात आलं. आयोजकांचं म्हणणं होतं, टेम्पो तासभर अडवा. मी बंदरावर गेलो. तिथे मासळीचा हिशेब बघणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "तास थांबला तर बर्फ पाणी होईल बाबा. माझ्या मालाचे पैसे तू देणार का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "मावशी, टेम्पो थांबवायचा नाही. पाणी थांबवता येईल का?" त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. टेम्पोच्या हौद्याला पाणी जायला खाली भोक असतं, त्यात चिंधीचा घट्ट बोळा बसला आणि सकाळी चारही टेम्पो शर्यत सुटण्याआधी कोरडे निघून गेले. ते वळण त्या दिवशी सगळ्यांनी पूर्ण वेगात घेतलं. वळणाच्या आधी कोणी काय केलं, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मार्शलचं काम सांगायला सोपं आहे. अंगात भडक जॅकेट, गळ्यात शिटी, हातात पिवळा झेंडा. धोका असेल तिथे झेंडा हलवायचा, शिटी वाजवायची, कोणत्या बाजूने जायचं ते दाखवायचं. उभं राहायचं ते धोक्याच्या जागी नाही, त्याच्या बरंच अलीकडे. कारण ताशी चाळीसच्या वेगाने येणारा स्वार एका सेकंदात अकरा मीटर पुढे जातो. कुणी पडलं तर पाय आपोआप त्याच्याकडे धावतात. ते थोपवायचे. आधी अलीकडे जाऊन मागच्यांना सावध करायचं, मग पडलेल्याकडे वळायचं. त्याला हाताला धरून उठवायचं तर मुळीच नाही, मानेला मार असेल तर तेवढ्याने जन्माचं नुकसान होऊ शकतं. लोक रागावतात, "काय माणूस आहे, नुसता झेंडा हलवतोय!" त्या क्षणी तो झेंडाच आणखी दहा जणांची हाडं वाचवत असतो.

वाहन अडवण्याचा अधिकार पोलिसांचा. मार्शलकडे फक्त विनंती असते. अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा पूल, साळाव, कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव आणि मुरूड, अशा पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्याला किती पाखाड्या, किती आळ्या आणि किती रिसॉर्टांची फाटकं येऊन मिळतात, याची मोजदाद नाही. प्रत्येक तोंडाला पोलीस मिळत नाही. 2020 साली मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईची गाडी थेट बोटीतून उतरते आणि शनिवार-रविवार हा रस्ता तुंबतो. सुट्टीवर आलेल्या माणसाला दहा मिनिटं थांबवणं अवघड असतं.

यावर जुन्या मार्शलांनी शिकवलेली एक युक्ती आहे. गाडीसमोर हात आडवा करून उभं राहू नये. चालकाच्या खिडकीशी जावं, नमस्कार करावा आणि म्हणावं, "दादा, सात मिनिटं लागतील, इंजिन बंद केलंत तर बरं." एकदा इंजिन बंद झालं की माणूस थांबायला तयार होतो. इंजिन चालू असेल तर त्याचा पाय सतत पुढे जायला बघतो. आणि "थोडा वेळ" कधीच म्हणायचं नाही. आकडा सांगायचा, तो पाळायचा, आणि जास्त लागणार असेल तर परत जाऊन सांगायचं. निम्मी भांडणं इथेच संपतात.

लग्नसराईत वेगळी परीक्षा. आमच्याकडे हळद रात्रभर चालते. एका पहाटे आघाडीचे स्वार दोन गावं मागे असताना समोरून बँडसकट वरात आली. वरातीला शिटी वाजवून चालत नाही. नवऱ्याच्या मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, पोरं सायकलवर येतायत, वेगात आहेत. तुमचं कुणी लहान मूल मध्ये आलं तर?" मामांनी हात वर केला, बँड थांबला, वरात रस्त्याच्या डाव्या कडेला सरकली. पहिली सायकल दिसताच मात्र बँडवाल्यांनी आपणहून ताशा धरला. हळदीने माखलेली मंडळी टाळ्या देत उभी होती. शर्यतीतल्या एका स्वाराने नंतर मला विचारलं, ते आयोजकांनी ठेवलं होतं का? मी नाही म्हणालो. तो मान डोलावत राहिला.

मात्र गर्दी सांभाळायला मी शिकलो ते सायकलवाल्यांकडून नाही. आमच्या किनाऱ्याला शर्यतीची माणसं जुनीच आहेत. ओहोटीच्या ओल्या, घट्ट पुळणीवर बैलगाड्या धावतात, त्यांना बघायला तालुका लोटतो. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत पुळण ओस होती, पण गर्दी आवरायला दोर धरणारी माणसं होती तिथेच होती. त्यांतल्या एका आजोबांना आम्ही सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यावर बोलावलं. त्यांनी अंतिम रेषा बघितली आणि विचारलं, "रेषेच्या पुढं कोण उभं राहणार?"

आम्ही सगळी माणसं रेषेच्या अलीकडे लावली होती. आजोबा म्हणाले, गाडी रेषेवर थांबत नसते, रेषेनंतरच ती कुणाच्या ताब्यात नसते, आणि पोरं नेमकी तिथे धावत जातात. आंतरराष्ट्रीय सायकल स्पर्धांच्या नियमांत हेच आहे: अडथळ्यांचं कुंपण रेषेआधी किमान तीनशे मीटर आणि रेषेनंतर किमान शंभर मीटर. आजोबांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. दुसरी गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवली. गर्दी पुढे रेटत असली की छातीने मागे ढकलायची नाही. पुढच्या रांगेतल्या मुलांना खाली बसवायचं. "बस रे पोरा, बसून जास्त दिसतं." पुढची रांग बसली की मागची आपोआप थबकते, कारण बसलेल्या मुलांना तुडवून कुणी पुढे येत नाही.

2021 च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी एक बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून, स्वारांकडे पाठ फिरवून पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यात झुकली. जर्मनीचा टोनी मार्टिन त्या फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकली कोसळल्या. ते दृश्य मी नव्या स्वयंसेवकांना दरवेळी दाखवतो. एवढी मोठी स्पर्धा, एवढा बंदोबस्त, आणि तरी एका माणसाचं तोंड चुकीच्या दिशेला असलं तर काय होतं, ते त्यात दिसतं. आमच्या आजोबांनी त्या बाईला बसवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

मार्शलने आपली जागा कधी सोडायची, हाही एक वादाचा विषय. पहिले वीस जण गेले की प्रेक्षक पांगतात, चहावाला आवरायला लागतो, गाडीवाले म्हणतात "झालं ना आता?" झालेलं नसतं. शेवटच्या स्वारामागची गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलायचं नाही. कोर्लई ते काशीदच्या पट्ट्यात डोंगराआड काही ठिकाणी मोबाइल चालत नाही, वॉकी-टॉकीही खरखरतो. तिथे निरोपाची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. स्वारांच्या पाठीवरचे क्रमांक वहीत लिहायचे आणि कोण आलं नाही ते शोधायचं. पुढच्या नाक्यावर क्रमांक पोचला नाही, की मधल्या वळणांवर माणूस पाठवायचा. दरीच्या बाजूला पडलेला स्वार रस्त्यावरून दिसत नाही. तो वहीतल्या गाळलेल्या आकड्यावरूनच सापडतो.

एवढं करणाऱ्या माणसाला बहुतेक ठिकाणी टी-शर्ट, पोहे आणि प्रमाणपत्र मिळतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, आम्ही हौसेने येतो. पण मी पाहिलेल्या कितीतरी स्पर्धांत स्वारांचा विमा असतो आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मार्शलचा नसतो. पहाटे पाचपासून उन्हं चढेपर्यंत नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मुलींसाठी जवळचं कुठलं घर, कुठली शाळा उघडी राहील, हे कुणी आधी विचारून ठेवत नाही. शेवटी त्या मुलीच गावात जाऊन एखाद्या काकूंना विचारतात. या हंगामात आमच्या गटाने ठरवलं आहे: मार्शलच्या विम्याचा कागद आणि प्रत्येक नाक्याजवळच्या उघड्या घराचं नाव हातात आल्याशिवाय झेंडे वाटायचे नाहीत. एका आयोजकाने दोन्ही पाठवले आहेत. बाकीच्यांना आम्ही तिथी आणि भरतीच्या वेळांच्या तक्त्यासोबत पुन्हा पत्र लिहिलं आहे.