खोळीतलं निशाण

गणपतीत ढोल-ताशा पथकातला ध्वजधारी पाहा. ध्वज एवढा उंच, पण काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यातल्या खोबणीत टेकलेलं. वजन कंबर पेलते, हात फक्त तोल सांभाळतात.

ब्रिटिश पायदळाची युक्ती हीच, पट्टा मात्र खांद्यावरून. वॉटर्लूच्या वेळी, १८१५ साली, पलटणीची निशाणं दोन असत: एक राजाचं, एक तिचं स्वतःचं. प्रत्येक सुमारे सहा फूट चौरस रेशीम, काठी जवळजवळ दहा फूट.

खरा वैरी वारा. एवढं कापड म्हणजे शीडच! वारा वरून ढकलतो, बूड खाली अडकलेलं. लांब पान्याने नट फिरवावा तशी काठी धरणाऱ्यालाच फिरवते. आणि धरणारा बहुधा सर्वांत कनिष्ठ अधिकारी, कधी मिसरूडही न फुटलेला.

म्हणून लांबच्या कूचमध्ये निशाण काठीभोवती गुंडाळून मेणकापडाच्या खोळीत घालत. मिटलेल्या छत्रीला वारा काय करणार? रेशीमही भिजत नसे. लढाई जवळ आली, की खोळ उतरे.

१८८१ साली दक्षिण आफ्रिकेत लैंग्ज नेकला ब्रिटिश पलटणीने निशाणं शेवटची रणात नेली. लांब पल्ल्याच्या रायफलींपुढे ती नुसती नेमबाजीची खूण ठरली होती.