एलिचपूर, अचलपूर आणि यंत्राची भाषा

परतवाडा आणि अचलपूर यांची नगरपालिका एक, पण गावं दोन. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी. परतवाडा इंग्रजांच्या छावणीतून वाढलेला. आजही कुणी त्याला अचलपूर कॅम्प म्हणतं. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला सगळंच सांगावं लागतं, आणि तेही अशा भाषेत की त्यातून त्याला अनुमान काढता यावं.

वेबसाठी अशी भाषा १० फेब्रुवारी २००४ रोजी प्रमाण ठरली. तिचं नाव आउल. तिच्या तळाशी आरडीएफ आहे. त्यात प्रत्येक विधान तीन पदांचं: एक वस्तू, एक नातं, दुसरी वस्तू. भाषा वापरात आली आणि उणिवा दिसू लागल्या. आईचा भाऊ तो मामा, एवढं साधं नातंही तिच्यात मांडता येत नव्हतं! आई सांगता येई, भाऊ सांगता येई; दोन्ही जोडून तिसरं नातं काढायची सोय नव्हती.

मग ती सोय करून का दिली नाही? नात्यांच्या साखळ्या मोकाट सोडल्या, तर प्रश्नाचं उत्तर कधीतरी मिळेलच ही खात्री जाते. यंत्र शोधतच राहील. इयान हॉरॉक्स, ऑलिव्हर कुट्झ आणि उल्रिके झाटलर यांनी २००६ साली वाट काढली: साखळ्या जोडा, पण नात्यांचा असा क्रम लावा की व्याख्या फिरून स्वतःवरच येणार नाही. २७ ऑक्टोबर २००९ला आउल २ आली, तेव्हा मामा भाषेत आला. तरीही पूर्ण भाषेतलं अनुमान फार महाग पडतं. म्हणून तिच्या तीन आटोपशीर पोटभाषाही ठरवल्या. लाखो संज्ञांचे वैद्यकीय कोश त्यांतल्या ईएलवर चालतात. मला हा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

ओळखीचा प्रश्न वेगळा. आउलमध्ये दोन नावं एकाच वस्तूची आहेत असं सांगता येतं. एलिचपूर आणि अचलपूर यांच्याबाबत ते बरोबरच. पण नगरपालिका एक बघून कुणी परतवाडा आणि अचलपूरही एकच ठरवले, की एकाचं सारं दुसऱ्याला लागू होतं आणि परतवाडा इमादशाहीची राजधानी होऊन बसतो. यंत्र तक्रार करत नाही, कारण ही दोन गावं वेगळी आहेत असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं; आणि न सांगितलेली गोष्ट आउल खोटी धरत नाही. माहिती तपासायला मग २०१७ साली शॅकल ही निराळीच भाषा आणावी लागली.

माझी खरी तळमळ काळाबद्दल आहे. एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो अमरावतीत विलीन झाला. हा जिल्हा ज्यात होता तो वऱ्हाड प्रांत आधी निजामाचा, १८५३पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ला मध्य प्रांताला जोडलेला, १९५६ला मुंबई राज्यात, १९६०पासून महाराष्ट्रात. यांतलं एकही विधान काळाशिवाय खरं नाही, आणि तीन पदांत काळाला जागा नाही. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याने (२०१२) प्रत्येक विधानाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ लावायची सोय केली, ती फार मोलाची. पण त्या तारखांचा अर्थ आउलच्या तर्कयंत्राला कळत नाही.

काळ भाषेतच घालायचे प्रयत्न झालेले आहेत. अडचण अशी की काळ पुढे सरकला तरी कायम राहणारी नाती मान्य केली, की आउलहून साध्या तर्कातही उत्तराची खात्री संपते. आणि आपल्याला तर तशी नातीच लागतात: मामा १९०५तही मामाच असतो. त्यामुळे आज हे काम करणारा माणूस प्रत्येक कालखंडासाठी वेगळी नोंद करतो, ‘एलिचपूर जिल्हा’ आणि ‘अमरावती जिल्हा’ हाताने जोडतो, आणि त्या जोडीचा अर्थ माणसांसाठी टिपणात लिहून ठेवतो.